पाणी आणि जावळ

यंदा ईस्टरआधीचा उपासकाळ आणि ऊन बरोबरच आले. राखेच्या बुधवारची उपासना आटोपून आम्ही चर्चबाहेर आलो, तर दाराशी काढून ठेवलेल्या चपला तापून निघालेल्या. सरोजने पाय टाकला आणि ‘अगं बाई’ म्हणून पुन्हा वर उचलला. शरणपूर रोडवरून रिक्षा केली आणि नेहमीप्रमाणे द्वारका चौकात अडकलो. शेजारी द्राक्षांच्या क्रेट्सनी भरलेला पिकअप उभा होता. धूर, हॉर्न, ऊन आणि त्यातून मधूनच येणारा द्राक्षांचा आंबूस-गोड वास. सरोज म्हणाली, “या वर्षीही चहा सोडतेय बरं का.” ती दर उपासकाळात चहा सोडते आणि तिच्या डोकेदुखीचे बोल ईस्टरपर्यंत मला ऐकावे लागतात. मी काही सोडत नाही. माझ्याकडे सोडण्यासारखं फारसं उरलेलं नाही, असं मी म्हणतो. “आळस आहे की,” असं ती म्हणते.

नाशिकचा उपासकाळ मला पाठ आहे. संध्याकाळच्या उपासना, पेटीवर रखडत चालणारी दुःखाची गायनं, झावळ्यांच्या रविवारसाठी पेठ रोडकडून आणलेली शिंदीची पानं, उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, पांढऱ्या साड्या आणि घशाला पडलेली कोरड. पण हे सगळं सुरू झालं की मला आठवतो तो एक दुसराच उपासकाळ. त्यात ऊन नव्हतं. चिखल झालेला बर्फ होता, ओल्या लोकरीचा वास होता आणि दुपारी चारलाच दिवे लावल्यासारखं आभाळ होतं. आमचा निखिल चेक प्रजासत्ताकात नोकरीला आहे, एका लहानशा गावात. त्याला मुलगी झाली, ती बसायला लागली, आणि आम्ही दोघं तिला बघायला म्हणून गेलो. संपूर्ण उपासकाळ तिथे काढला.

मी जन्मभर मनमाडला रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होतो. ज्याचा माल त्याच्या ताब्यात द्यायचा, आत काय आहे ते विचारायचं नाही. हीच सवय मी घरातही लावून घेतली. त्यामुळे संसारात माझं बरं चाललं, असं माझं मत. सरोजचं मत वेगळं आहे.

निखिलची बायको प्रियंका लासलगावकडची, शेतकरी घरातली. तिच्या वडिलांचा कांदा, द्राक्षं, दोन ट्रॅक्टर, दारात तुळस आणि घराण्याची देवी वणीच्या गडावरची. लग्नाच्या वेळी दोन्हीकडे जेवढी आदळआपट व्हायची तेवढी झाली आणि मग सगळे दमले. पोरांनी कोर्टात लग्न केलं, आम्ही दोन्ही घरच्यांनी मिळून जेवण दिलं आणि पान खाऊन घरी आलो. इराचा जन्म झाल्यावर मात्र प्रश्न पुन्हा उभा राहिला. तिच्या डोक्यावर आमचं बाप्तिस्म्याचं पाणी पडणार, की तिचं जावळ निघून गडावर जाणार? निखिल आणि प्रियंकाने तह करून टाकला. पाणी नाही, जावळही नाही. मोठी झाली की तिचं ती ठरवेल. फोनवर दोघं एका सुरात बोलले, पाठ करून आल्यासारखे. मला तह पसंत पडला. कुणी हरलं नव्हतं.

सरोज काही बोलली नाही. ती बोलली नाही की मी घाबरतो.

तिचं कारण मला ठाऊक होतं. निखिलच्या आधी आम्हाला एक मुलगी झाली होती. मनमाडला, दवाखान्यात. पाळकसाहेब बाहेरगावी गेले होते, ते यायच्या आत ती गेली. पाणी राहून गेलं, नावही राहून गेलं. देव काही एवढ्यावरून तान्ह्या लेकराला परत पाठवत नाही, हे पाळकांनी तिला किती वेळा समजावलं असेल. ती मान डोलावते. पण दुसऱ्या कुणाच्या बाळाचा बाप्तिस्मा असला की चर्चमध्ये पुढच्या बाकावर जाऊन बसते आणि पाळकांच्या ओंजळीतून पाणी पडेपर्यंत श्वास धरून ठेवते. मी शेजारी असतो, मला ते कळतं.

तिकडच्या देशात धर्माच्या बाबतीत पूर्ण मोकळीक. कुणी कुठे जावं, काय मानावं, काही मानूच नये, कुणाला विचारायची गरज नाही. निखिलच्या इमारतीतल्या एका तरुणाला मी सहज विचारलं, तुमचा धर्म कोणता? त्याने ‘काही नाही’ असं सांगितलं. चहात साखर किती विचारल्यावर माणूस जसं सांगतो, तसंच. गावात सुंदर देवळं, उंच मनोरे, घड्याळं अगदी बरोबर वेळेवर. एका जुन्या चर्चमध्ये आता गाण्याचे कार्यक्रम होतात. आमच्या नाशकात देवाच्या दारात पाय ठेवायला जागा मिळत नाही, आणि तिथे रिकाम्या बाकांची रांग संपता संपत नव्हती. मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर बरं वाटलं. इकडे बाप्तिस्मा हा शब्द आम्ही चारचौघांत जरा हळूच उच्चारतो. लोक कान टवकारतात, काहीबाही अर्थ काढतात. तिथे बसमध्ये ओरडून सांगितलं असतं तरी कुणी मान वळवली नसती.

निखिलच्या घरापासून जवळच एक साधंसुधं चर्च होतं. आम्ही पहिल्याच रविवारी गेलो. सरोजचं माहेर खेड्यातलं, तिथे चर्चमध्ये जमिनीवर सतरंजीवर बसतात. त्यामुळे चपला दाराबाहेर, ही तिची मोडता न येणारी सवय. तिने त्या बर्फात बूट काढले आणि मोजे घालून गार फरशीवर चालत आत गेली, डोक्यावर पदर घेऊन. मी निमूट माझेही काढले. आत मोजकी म्हातारी माणसं. सगळ्यांनी आमच्या पायांकडे पाहिलं. त्यांना वाटलं असणार, या बिचाऱ्यांचे बूट भिजले. उपासना संपल्यावर एका बाईंनी आम्हाला गरम पाइपाजवळ नेऊन बसवलं आणि आमचे बूट स्वतः आणून त्यावर वाळत ठेवले. त्या यारमिलाबाई. निखिलच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहायच्या, एकट्या. पूर्वी शाळेत शिक्षिका होत्या. पुढच्या रविवारी त्यांनी सरोजसाठी जाड लोकरीचे पायमोजे विणून आणले. तोवर त्यांना कुणीतरी खरा प्रकार सांगितला होता. त्यांनी मोजे दिले आणि स्वतःचे बूट काढून सरोजशेजारी बसल्या. म्हातारपणी एवढ्या थंड फरशीवर पाय ठेवायचं म्हणजे काय! सरोजने त्या दिवसापासून त्यांना मैत्रीण करून टाकलं.

भाषेची पंचाईत होती. त्यावर उपाय मोबाईलचा. यारमिलाबाई चेकमध्ये बोलायच्या आणि फोनमधली बाई ते मराठीत सांगायची, एकाच सुरात, मनमाडच्या फलाटावर गाडी लेट असल्याची घोषणा व्हावी तशी. “माझे पती वारले. कृपया केक घ्या.” सरोज एकदा हसत सुटली, मग यारमिलाबाईही हसल्या, का हसतोय ते न कळता.

घरी दिवस संथ जायचे. खिडकीशी इरा, तिच्या डोक्यावर मऊ पिंगट जावळ, तिच्या तोंडाला येणारा दुधाचा आंबट वास. खिडकीबाहेर काळ्या फांद्या. मग एके दिवशी त्या फांद्यांवर करड्या, लोकरीसारख्या बोंडांची नुसती गर्दी झाली. तिकडे झावळ्या मिळत नाहीत, म्हणून झावळ्यांच्या रविवारी लोक असल्या फांद्या घरी आणतात, असं प्रियंकाने सांगितलं. सरोज इराचा हात धरून ती बोंडं तिच्या गालाला लावायची आणि आमच्या इकडचं उपासकाळाचं गायन पुटपुटायची. इरा हसायची. दुःखाचं गायन ऐकून एवढं हसलेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही.

गुरुवारी प्रियंकाचा भाषेचा वर्ग असायचा. निखिल त्या दिवशी घरूनच काम करायचा, पण प्रियंका गेली की पाच मिनिटांत म्हणायचा, “पप्पा, चला, स्टेशनवर जाऊन येऊ.” मला काय, रेल्वे म्हटलं की मी बूट चढवून तयार. लहानसं स्टेशन, दोन डब्यांची गाडी, फलाटावर चिटपाखरू नाही. आम्ही कॉफी घ्यायचो, रुळांकडे बघायचो, घरी यायचो. घरात तेवढा वेळ सरोज आणि इरा दोघीच.

एका गुरुवारी परतलो तेव्हा सरोज मला स्वयंपाकघरात ओढून म्हणाली, “अहो, पाळक नसले आणि जीव धोक्यात असला तर कुणीही बाप्तिस्मा देऊ शकतं ना?”

“कुणाचा जीव धोक्यात आहे?” मी इराकडे पाहिलं. गाल हे एवढाले.

“तसं नाही हो. विचारलं आपलं.”

“निखिलला विचार की.”

“तो नाही म्हणाला तर?”

मी पेपर उघडला, चेक भाषेतला.

त्याच आठवड्यात लासलगावच्या विहीणबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज असा, की फोन टेबलावर ठेवला तरी शेजारच्या खोलीत ऐकू यावं. “ताई, एक बोलू का? पोरांना काय कळतंय. तुमचं ते पाण्याचं उरकून घ्या ना गपचूप. माझी काय ना नाय. आन माझ्यासाठी येवढं करा, पोरीची एक बट कापून पाकिटातून धाडून द्या. मी गडावर जाऊन वाहून येते. तुमचं बी झालं, आमचं बी झालं. पोरांना सांगायचंच कशाला?”

मला विहीणबाईंचं कौतुक वाटलं. त्यांनी एका फोनमध्ये दोन धर्मांचा निकाल लावला होता. सरोज म्हणाली, “बघते हं, ताई.” फोन ठेवला आणि कात्री कुठे आहे ती मला विचारली. मी म्हणालो, मला काय माहीत. खरंच माहीत नव्हतं.

ती केस कापायला गेली नाही, नळाजवळही गेली नाही. ती खाली यारमिलाबाईंकडे गेली आणि मलाही घेऊन गेली, फोन धरायला. तिला वाटलं होतं, ही म्हातारी देवाधर्माची, ती म्हणेल, कर. तिने सगळं सांगितलं. लासलगाव, जावळ, पाणी, आमची ती पहिली मुलगी. फोनमधली बाई ते चेकमध्ये सांगत राहिली. यारमिलाबाई ऐकत होत्या. हातातलं विणकाम त्यांनी मांडीवर ठेवलं.

मग त्या बोलल्या, आणि फोन घोषणा करत राहिला: पूर्वीच्या कम्युनिस्ट राजवटीत शिक्षकाने चर्चमध्ये जाणं म्हणजे नोकरी गेली. मी जाणं बंद केलं. मला मुलगी झाली. माझी आई म्हणाली, बटाटे आणायला शेजारच्या गावी जाते, बाळाला फिरवून आणते. तिने तिथल्या पाद्रींकडून तिला बाप्तिस्मा देववला. कुणीतरी पाहिलं. माझी शाळा गेली. पुढे मी कपडे धुण्याच्या कारखान्यात काम केलं.

सरोजचे डोळे भरले. “किती वाईट सरकार,” ती म्हणाली.

यारमिलाबाईंनी मान हलवली. पुढचं वाक्य त्या सावकाश बोलल्या आणि फोनने तसंच सावकाश सांगितलं. “सरकारला मी क्षमा केली. त्याला मी माहीतही नव्हते. आईला क्षमा करायला फार वेळ लागला. तिने मला विचारलं नाही. मी हो म्हणाले असते.”

खोलीत गरम पाइपातून पाणी खळखळत होतं. सरोज बराच वेळ यारमिलाबाईंचा हात धरून बसली. मला तिथून उठून जावंसं वाटलं, पण फोन माझ्या हातात होता.

त्यानंतरचे दिवस तसेच गेले. चर्चच्या घंटा उत्तम शुक्रवारच्या आदल्या दिवशी थांबल्या आणि पोरं लाकडी खुळखुळे वाजवत गल्लीतून फिरली. ईस्टरच्या सोमवारी तर गंमतच. वेणीसारख्या विणलेल्या छड्या घेऊन पुरुष दारोदार जातात, बायकांना लटके फटके मारतात आणि रंगवलेली अंडी घेऊन जातात. सरोज आधी घाबरली, मग म्हणाली, आपल्या रंगपंचमीच्या रंगाने भरलेल्या हौदात, रहाडीत, ढकलण्यापेक्षा हे बरं. गुरुवार येत होते, निखिल मला स्टेशनवर नेत होता, आणि सरोज इराजवळ एकटी असायची. परतलो की मी तिच्या चेहऱ्याकडे बघायचो. ती मान हलवायची. नाही.

मला तिचा अभिमान वाटत होता. चाळीस वर्षांत मी तिला हे बोलून दाखवलेलं नाही. तिथेही बोललो नाही.

निघायच्या दिवशी दुपारी बॅगा भरून झाल्या. निखिल एकेक बॅग हातातल्या काट्याला अडकवून वजन बघत होता. सरोज समोर उभी राहिली, पदर खोचून, परीक्षेत पहिली आल्यासारखी.

“निखिल, मी केलं नाही हं.”

“काय, मम्मी?”

“पाणी. इराला. दर गुरुवारी तुम्ही तिला माझ्याजवळ सोडून जात होता. मनात कितीदा आलं. केलं नाही. आता सांगून टाकते, म्हणजे पुढे शंका नको. तुमचा शब्द मी मोडला नाही.”

मला वाटलं, पोरगा सुटकेचा श्वास टाकेल, आईला जवळ घेईल. त्याने बॅग खाली ठेवली.

“केलं नाहीस?”

“नाही.”

“मम्मी, आम्ही तर धरूनच चाललो होतो की तू पहिल्याच आठवड्यात केलं असशील.” त्याचा चेहरा पार उतरला होता. “म्हणूनच तर मी गुरुवारी पप्पांना घेऊन बाहेर पडायचो.”

सरोजला कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं. ती सगळी कॉफी, तो रिकामा फलाट, आणि मी मूर्खासारखा रुळांची तारीफ करत बसलेला.

“मग तोंडाने सांगायला काय झालं होतं रे तुला?” सरोजचा आवाज चिरकला. “मी इथे रोज स्वतःला आवरतेय...”

“सांगितलं असतं, तर मी सांगितलं असं झालं असतं ना.”

प्रियंका दारात उभी होती, कडेवर इरा. तिने सगळं ऐकलं होतं. पण ती आश्चर्य वाटल्यासारखी दिसली नाही. तिलाही ठाऊक होतं, एवढं मला समजलं. कदाचित तिकडून एखादी बट गुपचूप लासलगावला जाईल, अशी तिचीही अपेक्षा असेल. कोण कुणाला विचारणार?

स्वयंपाकघरात नळ होता, दहा पावलांवर. मी, ज्याने जन्मात कुणाच्या पार्सलला हात लावला नाही, तोही मनात म्हणत होतो, जा गं, आता तरी घे ओंजळभर आणि होऊन जाऊ दे. निखिलही तिच्याकडे तसाच बघत होता. कुणी नको म्हणणार नव्हतं. फक्त हो कुणी म्हणत नव्हतं.

सरोजने इराला घेतलं. तिच्या टाळूवर, त्या मऊ जावळात, नाक खुपसून ती खूप वेळ उभी राहिली. मग तिला प्रियंकाच्या हातात परत दिलं.

“आता तुम्ही मागाल तेव्हा,” ती म्हणाली. “पाणी असो की जावळ, तुम्ही दोघं तोंडाने मागा, चारचौघांत करू. मी येईन, लासलगावच्या ताईंना पण घेऊन येईन. चोरून करायची पाळी यारमिलाबाईंच्या आईवर आली होती. आपल्यावर कुणी आणलेली नाही.”

खाली टॅक्सी आली होती. विमानात ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मी तिचा हात धरला. माझे डोळे कोरडे नव्हते, हे इथे लिहून टाकतो.

इरा आता बालवाडीत जाते. केस खांद्यापर्यंत आलेत, एकदाही न काढलेले. यारमिलाबाईंशी चेकमध्ये आणि आमच्याशी तोडक्या मराठीत ती एकाच दमात बोलते. यंदाच्या उपासकाळातही रविवारी आम्ही चर्चहून घरी आलो की फोन लागतो. निखिल हवा सांगतो, प्रियंका केलेला पदार्थ दाखवते, इरा खिडकीतली बोंडांची फांदी कॅमेऱ्याला चिकटवते. सगळं बोलून होतं. फोन ठेवायच्या आधी सरोज न चुकता विचारते, “आणखी काय?”

“आणखी काही नाही, मम्मी. मजेत.”

ती थोडं थांबते. तोही थांबतो, फोन लगेच ठेवत नाही. मग ती म्हणते, “बरं,” आणि पडदा काळा होईपर्यंत फोन तसाच समोर धरून बसते. मी शेजारीच असतो. दर रविवारी माझा जीव तुटतो. वाटतं, तिच्या हातातून फोन ओढून घ्यावा आणि ओरडावं, अरे माग ना रे गाढवा, ती तेवढ्यासाठीच थांबलीय. पण मग तेही मी सांगितलं, असं होईल.